वंशावळ : पोथीतली आणि पेशीतली

धर्मग्रंथातील सगळी विधाने एका जातीची नसतात. 'ईश्वर दयाळू आहे' हे विधान कोणत्याही प्रयोगशाळेत तपासता येणार नाही, आणि विज्ञानाने त्या वाटेला जाऊही नये. पण 'अमुक लोक अमुक देशातून अमुक काळी येथे आले' हे विधान निराळे आहे. ते खरे असेल तर त्याच्या खुणा जमिनीत, भाषेत किंवा माणसांच्या शरीरात कुठे तरी उरल्या असतील अशी अपेक्षा ठेवता येते. अशा विधानाची तपासणी कशी करतात आणि त्या तपासणीला मर्यादा कोणत्या, हे समजून घेण्यासाठी अमेरिकेतील मॉर्मन पंथाच्या ग्रंथाचे उदाहरण फार उपयोगी आहे.

ग्रंथ काय सांगतो?

'बुक ऑफ मॉर्मन' हा ग्रंथ १८३० साली न्यूयॉर्क राज्यातील पाल्मायरा या गावी छापला गेला. देवदूताने दाखवलेल्या सोन्याच्या पत्र्यांवरील मजकुराचे हे भाषांतर आहे, असे जोसेफ स्मिथ यांचे सांगणे होते. ग्रंथातील मुख्य कथा अशी : इ. स. पू. ६०० च्या सुमारास लेही नावाचा पुरुष कुटुंबीयांसह जेरुसलेम सोडून समुद्रमार्गे अमेरिकेत आला. त्याच्या वंशजांचे नीफाईट आणि लॅमनाईट असे दोन तट पडले. त्यांच्यात शतकानुशतके लढाया झाल्या, आणि अखेरीस इसवी सनाच्या चौथ्या शतकाच्या शेवटी नीफाईटांचा संहार झाला. उरले ते लॅमनाईट.

हे लॅमनाईट म्हणजेच अमेरिकेचे मूलनिवासी, असे पंथात पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले. १९८१ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यांना अमेरिकन इंडियनांचे 'प्रमुख पूर्वज' म्हटले होते. लॅमनाईटांना शापामुळे काळी त्वचा मिळाली असेही ग्रंथात आहे. त्यामुळे पंथात आलेल्या मूलनिवासी कुटुंबांच्या दृष्टीने हा केवळ इतिहासाचा वाद नव्हता. आपण कोण, या प्रश्नाशीच तो जोडलेला होता.

अमेरिकेचे मूळ रहिवासी यहुद्यांचे वंशज असावेत, ही कल्पना स्मिथ यांच्या आधीपासून प्रचलित होती. जेम्स अडेर याने १७७५ मध्ये आणि ईथन स्मिथ या धर्मोपदेशकाने १८२३ मध्ये तशी पुस्तके लिहिली होती. उलट होसे दे अकोस्ता या स्पॅनिश पाद्र्याने १५९० सालीच असा तर्क केला होता की हे लोक आशियातून, बहुतांशी जमिनीच्या वाटेने आले असावेत. यातले कोणते खरे हे तपासण्याचे थेट साधन मात्र चारशे वर्षे नव्हते.

पेशीतील साक्षीदार

आपल्या पेशींतील तंतुकणिकांचा स्वतःचा छोटासा डीएनए असतो. त्यात सुमारे १६,५६९ 'अक्षरे' असतात आणि तो फक्त आईकडून अपत्यांकडे जातो. पिढ्यांच्या ओघात क्वचित एखादे अक्षर बदलते आणि तो बदल पुढच्या सर्व लेकींच्या वंशात टिकतो. नक्कल करून उतरवलेल्या पोथीत एखादी चूक शिरली की तिच्यावरून उतरवलेल्या सर्व प्रतींत ती दिसते, तसेच हे. समान बदल असलेल्या वंशांचा एक गट मानतात. वाय गुणसूत्र याचप्रमाणे बापाकडून मुलाकडे जाते.

अमेरिकेतील मूलनिवासींचे मातृवंश तपासले तेव्हा जवळजवळ सगळे ए, बी, सी आणि डी या चार गटांत बसले. या गटांचे जवळचे नातलग सायबेरियात आणि पूर्व आशियात आहेत. पाचवा गट एक्स हा उत्तर अमेरिकेत थोड्या प्रमाणात आढळतो. एक्सच्या इतर शाखा युरोपात आणि पश्चिम आशियात सापडतात, म्हणून काही मॉर्मन लेखकांना त्यात लेहीच्या कुटुंबाची खूण दिसली.

ही आशा टिकली नाही. वॉशिंग्टन राज्यात १९९६ साली सापडलेल्या 'केनेविक मानवा'चा सांगाडा सुमारे साडेआठ हजार वर्षांपूर्वीचा आहे. त्याचा संपूर्ण जनुकसंच २०१५ मध्ये वाचला गेला. त्याचा मातृवंश एक्सच्याच अमेरिकन शाखेचा निघाला. लेहीच्या प्रवासाच्या सहा हजार वर्षे आधी जो वंश अमेरिकेत होता, त्याला लेहीची देणगी म्हणता येत नाही.

मूलनिवासींच्या जनुकसंचात पश्चिमेकडील लोकांशी मिळताजुळता आणखी एक अंश आहे. त्याचा उलगडा बैकल सरोवराजवळील माल्टा येथे सापडलेल्या, सुमारे २४,००० वर्षांपूर्वीच्या एका बालकाच्या अस्थींनी २०१३ मध्ये केला. सायबेरियातील त्या प्राचीन लोकांचे वंशज पुढे अमेरिकेतही गेले आणि युरोपातही. हे सारे जेरुसलेम वसण्याच्या फार पूर्वी घडले.

वाद कसा रंगला?

टॉमस मर्फी या मानववंशशास्त्रज्ञाने २००२ मध्ये आणि सायमन सदर्टन या ऑस्ट्रेलियन जनुकशास्त्रज्ञाने २००४ मध्ये ही विसंगती उघडपणे मांडली. दोघेही मॉर्मन परंपरेतीलच होते. ब्रिगहॅम यंग विद्यापीठातील मायकेल व्हायटिंग आणि पुढे जनुकशास्त्रज्ञ उगो पेरेगो यांनी पंथाची बाजू मांडली. लेहीचे कुटुंब लहान होते. ते आधीपासून असलेल्या मोठ्या लोकसंख्येत मिसळले असेल, तर त्याची जनुकीय खूण पुसली जाणे शक्य आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता.

हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वर्गात त्याची परीक्षा घेता येते. एका पिशवीत ४९ पांढरे मणी आणि १ लाल मणी ठेवा. न पाहता एक मणी काढा, रंग लिहा आणि मणी परत टाका. असे ५० वेळा करा. लिहिलेल्या रंगांप्रमाणे ५० मण्यांची नवी पिढी तयार करा आणि पुन्हा सुरुवात करा. पहिल्याच पिढीत लाल रंग नाहीसा होण्याची शक्यता सुमारे ३६ टक्के आहे. दहा पिढ्यांत तो पाचांपैकी चार वेळा तरी नाहीसा होतो. कोणी मारले नाही, कोणी निवडले नाही. केवळ योगायोगाने एक वंश खुंटला. यालाच जनुकीय विचलन म्हणतात.

प्रत्यक्ष इतिहासातही असे घडले आहे. नॉर्स दर्यावर्दी कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर पोचले होते. तेथील त्यांच्या वसाहतीतील लाकूड १०२१ साली तोडलेले होते असे २०२१ मध्ये सिद्ध झाले. तरीही त्यांचा ठसा तेथील मूलनिवासींच्या जनुकांत आढळलेला नाही. म्हणजे खूण सापडली नाही एवढ्यावरून कोणी आलेच नव्हते असे म्हणता येत नाही.

पण प्रयोगाचा दुसरा भाग आता करा. प्रत्येक पिढीत मण्यांची संख्या दुप्पट करत जा : ५० नंतर १००, मग २००. आता लाल रंग कायमचा नाहीसा होण्याची शक्यता पाचांत एक एवढीच उरते, आणि सुरुवातीला लाल मणी अनेक असतील तर ती जवळजवळ शून्यावर येते. वाढत्या समाजात वंश सहसा खुंटत नाहीत. आणि ग्रंथातील समाज वाढणाराच आहे. तेथे नगरे आहेत, राज्ये आहेत, आणि शेवटच्या युद्धात नीफाईटांच्या बाजूचे दोन लाखांहून अधिक लोक पडल्याचे वर्णन आहे.

१४९२ नंतर देवी, गोवर अशा रोगांनी बहुसंख्य मूलनिवासी मेले, त्यात तो वंश नष्ट झाला असेल, हा पुढचा बचाव. त्याचीही तपासणी झाली आहे. २०१६ मध्ये कोलंबसपूर्व काळातील ९२ व्यक्तींचे, मुख्यतः दक्षिण अमेरिकेतील, मातृवंश वाचले गेले. त्यांतील नेमके वंश आजच्या नमुन्यांत सापडले नाहीत. म्हणजे वंश नष्ट झाले हे खरे. पण ते नष्ट झालेले वंशही ए, बी, सी, डी या चार गटांतलेच होते.

लहान गट आणि टिकलेली खूण : कोकणातील उदाहरण

पश्चिम आशियातून आलेल्या लहान गटाची खूण कशी दिसते, हे पाहायला फार दूर जायला नको. रायगड जिल्ह्यातील बेने इस्राएल समाजाची परंपरा अशी की त्यांचे पूर्वज नौगावजवळ जहाज फुटून किनाऱ्याला लागले. तेलाच्या घाण्याचा धंदा आणि शनिवारी काम बंद, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. २०१६ च्या अभ्यासात त्यांच्या जनुकसंचात यहुदी आणि भारतीय असे दोन्ही वारसे स्पष्ट दिसले. भारतीय वाटा स्त्रियांकडून अधिक आला होता, आणि हा संकर सुमारे १९ ते ३३ पिढ्यांपूर्वीचा ठरला. लग्ने समाजातच होत राहिल्याने ही खूण टिकली. मात्र जहाज फुटल्याची कथा खरी की नाही, हे जनुके सांगत नाहीत. त्यांनी एक भाग पुष्ट केला आणि दुसऱ्याबद्दल मौन पाळले.

निष्कर्ष कुठे थांबतो?

पंथाने आपल्या प्रस्तावनेतील 'प्रमुख पूर्वज' हे शब्द २००६-०७ मध्ये बदलून लॅमनाईट हे 'पूर्वजांपैकी' आहेत असे केले. २०१४ च्या निवेदनात त्याने म्हटले की जनुकीय पुराव्याने ग्रंथाची ऐतिहासिकता निर्णायकपणे सिद्धही होत नाही आणि खोडलीही जात नाही. येथे दोन विधाने वेगळी करायला हवीत. 'मूलनिवासी प्रामुख्याने यहुद्यांचे वंशज आहेत' हे विधान चुकीचे ठरले आहे. 'एक लहान कुटुंब आले आणि मिसळून गेले' हे विधान जनुकांनी खोडता येत नाही. पण ज्याची कोणतीच खूण अपेक्षित नाही, त्याला जनुकांचा आधारही मिळत नाही. शिवाय जनुके ही एकटी साक्षीदार नाहीत. ग्रंथात घोडे आणि पोलाद आहे, तर पुरातत्त्वाच्या मते स्पॅनिश येईपर्यंत हजारो वर्षे अमेरिकेत घोडा नव्हता आणि लोखंड गाळण्याची कलाही नव्हती.

याला आणखी एक बाजू आहे. ग्रँड कॅन्यनमधील हवासुपाई जमातीच्या लोकांनी १९९० पासून मधुमेहाच्या संशोधनासाठी रक्त दिले. पुढे तेच नमुने त्यांना न विचारता स्थलांतराच्या आणि इतर अभ्यासांत वापरले गेले. आपण या दरीतच जन्मलो अशी त्यांची श्रद्धा. त्यांनी न्यायालयात दाद मागितली आणि २०१० मध्ये ॲरिझोना राज्य विद्यापीठाने भरपाई देऊन तडजोड केली, नमुनेही परत केले. आधी एका ग्रंथाने त्यांच्यासारख्यांचे पूर्वज ठरवले होते, नंतर प्रयोगशाळेने ते ठरवले. त्यांना कोणीच विचारले नाही. निष्कर्ष बरोबर असला तरी रीत चुकू शकते.

विद्यार्थ्यांनी कोणत्याही उत्पत्तिकथेला, अगदी आपल्या गावाच्या किंवा कुळाच्या कथेलाही, तीन प्रश्न विचारावेत. ही कथा खरी असेल तर काय दिसायला हवे? कथा खरी असूनही ते न दिसण्याची शक्यता किती? आणि पुरावा आल्यावर कथेतील कोणते शब्द बदलले? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधायला प्रयोगशाळा लागत नाही. जुनी आणि नवी आवृत्ती शेजारी ठेवून वाचली की पुरते.