मुलांचा मुतखडा : दूध तोडू नका, पाणी वाढवा!

शाळेतून आलेला सात वर्षांचा मुलगा एकाएकी पोट धरून बसतो. आई म्हणते, "बोरं खाल्ली असशील!" आजी ओवा देते. दुखणे थांबते, घर विसरते. पण असे वरचेवर होऊ लागले, लघवी करताना मूल रडू लागले किंवा लघवी लालसर दिसली, तर ओव्याची डबी बाजूस ठेवून डॉक्टर गाठावा. मुतखडा हा केवळ मोठ्यांचा रोग नव्हे. तो विशेषेकरून बालकांना होतो, असे सुश्रुताने केव्हाच नोंदवून ठेवले आहे.

खडा होतो कसा? पाक घट्ट झाला की भांड्याच्या कडेला साखर धरते, हे गृहिणींना ठाऊक आहेच. लघवीतील क्षारांचे तसेच होते. नंदुरबार जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. अंगातले पाणी घामावाटे जाते आणि खेळाच्या नादात मुलाला तहानेची आठवण राहत नाही. शाळेतील शौचालय अस्वच्छ असले की मुले मुद्दामच पाणी टाळतात.

गरिबाघरच्या खड्याची कथा थोडी निराळी. नुसत्या धान्यावर वाढलेल्या, वारंवार जुलाब होणाऱ्या मुलांच्या मूत्राशयात तो धरतो. कुन्नूरच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी मुख्यतः पिठावर पोसलेल्या उंदरांना खडे झाले. आहारात दूध घालताच ते टळले. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. तरीही खडा म्हटला की आपण आधी मुलाचे दूध तोडतो! वस्तुतः अन्नातील ऑक्झलेटला दुधातील कॅल्शियम आतड्यातच अडवून ठेवते. २००८ साली चीनमध्ये दूधभुकटीने सुमारे तीन लाख मुले आजारी पडली, कित्येकांना खडे झाले. पण तो दोष दुधाचा नव्हता, त्यात मिसळलेल्या मेलामाइनचा होता.

खरी भीती दुखणाऱ्या खड्याची नाही, न दुखणाऱ्या खड्याची आहे. वाट अडली की लघवी मागे तुंबते, मूत्रपिंड फुगते आणि त्याचा काम करणारा भाग दबून पातळ होत जातो. त्यात जंतू शिरले की ताप भरतो आणि मूत्रपिंडावर कायमचे व्रण राहू शकतात. अडथळा वेळेवर दूर झाला तर ते सावरते. गेलेला भाग मात्र परत येत नाही. म्हणून पोट दुखायचे थांबले तरी सोनोग्राफी व लघवीची तपासणी टाळू नये. ताप असेल किंवा लघवी अडली असेल, तर एक दिवसही थांबू नये. खडा पडलाच, तर तो जपून डॉक्टरांना द्यावा. काही मुलांत मूळ कारण जन्मजात असते, आणि खड्याच्या घटकांवरून ते कळू शकते.

एरवी आईचे डोळे हीच पहिली प्रयोगशाळा! मुलाची लघवी फिकट दिसेल इतके पाणी त्याच्या पोटात गेले पाहिजे. मिठानेही लघवीत कॅल्शियम वाढते. तेव्हा यंदा चिवडा-शेवेत मीठ थोडे बेतानेच घाला, आणि फराळाच्या ताटाशेजारी पाण्याचा तांब्या ठेवायला विसरू नका.