तळ्याकाठची विभूति

गीतेच्या दहाव्या अध्यायांत वृक्षांमध्यें अश्वत्थ, ऋतूंमध्यें वसंत अशा आपल्या विभूति भगवंतांनीं सांगितल्या. ती गणना तेथेंच संपत नाहीं, असें भंडारा जिल्ह्यांतील तलाव पाहून आम्हांस वाटतें. कोहळी शेतकऱ्यांनीं पाळी बांधून हे तलाव पिढ्यान्‌पिढ्या राखिले. त्यांच्याच पाण्यावर धानाच्या बांध्या पिकल्या. मनुष्याएवढा उंच सारस पक्षी तळ्याकाठीं व धानांत घरटें करितो. महाराष्ट्रांत तो आज मुख्यत्वें गोंदिया-भंडारा भागांतच उरला आहे. म्हणून विभूतीचें नुसतें दर्शन घेऊन भागत नाहीं. तलाव गाळानें बुजले, तर आपल्या नातवंडांस सारस चित्रांतच पाहावा लागेल. घरट्यापुरती जागा सोडून रोवणी करणारा शेतकरी देवपूजाच करितो, असें आम्ही समजतों.