मोर्णेच्या काठी

वऱ्हाडातील अकोला हे शहर मोर्णा नदीच्या काठी वसले आहे. दक्षिणेकडील डोंगराळ भागातून येणारी ही नदी शहर ओलांडून पुढे पूर्णेस मिळते. पूर्वी मोर्णेस बारमाही पाणी असे. पुढे ती पावसाळ्यापुरतीच वाहू लागली आणि एरवी तिच्या पात्रात साचून राहिले ते शहराचे सांडपाणी.

अशा पाण्यात जलपर्णी माजते. तुकतुकीत पानांची व जांभळ्या फुलांची ही वनस्पती दिसावयास मोठी सुंदर! ती मूळची दक्षिण अमेरिकेतील. फुलांच्या हौसेने लोकांनी ती देशोदेशी नेली आणि मग ती कोणासच आवरेना. तिच्या देठांत हवेच्या पोकळ्या असल्यामुळे ती पाण्यावर तरंगते. सांडपाण्यातील नत्र व स्फुरद हे तिचे आवडते खाद्य होय. ते भरपूर मिळाले, की एका रोपास दुसरे रोप फुटते, व अवघ्या दोन-तीन आठवड्यांत तिचा पसारा दुप्पट होतो. तिचे आच्छादन पडले म्हणजे खालच्या पाण्यास सूर्यप्रकाश मिळत नाही. पाण्यातील प्राणवायू घटतो व मासे गुदमरून मरतात. डासांची मात्र चंगळ होते.

१३ जानेवारी २०१८ रोजी, म्हणजे संक्रांतीच्या आदल्या दिवशी, अकोल्याचे सहा हजारांहून अधिक लोक नदीवर जमले. शंभराहून अधिक संस्था, महाविद्यालयांतील विद्यार्थी, शाळकरी मुले, वृद्ध, माता-भगिनी असे सारेच त्यांत होते. सुमारे चार किलोमीटरांच्या टापूत, चौदा ठिकाणी, दोन्ही तीर त्यांनी स्वच्छ केले. पुढच्या शनिवारीही काम चालू राहिले. २८ जानेवारीस पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील ‘मन की बात’ या भाषणात मोर्णेचा उल्लेख केला आणि वऱ्हाडाबाहेर ज्यांनी हे नाव कधी ऐकले नव्हते, त्यांच्याही कानी ते पडले.

वऱ्हाडास हे दृश्य अगदीच नवे नव्हते. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ मध्ये जन्मलेले गाडगेबाबा ज्या गावी जात, तेथे आधी हाती खराटा घेत. दिवसा गाव झाडावे व रात्री कीर्तन करावे, हा त्यांचा परिपाठ. पूर्णेच्या काठी ऋणमोचन येथे त्यांनी यात्रेकरूंसाठी घाट बांधविला. त्यांच्या कार्याची वार्ता तोंडोतोंडीच गावोगाव पोहोचे.

पण मोर्णेची गोष्ट येथे संपत नाही. जलपर्णी उपटून काढली, तरी मागे राहिलेल्या तुकड्यास पुन्हा फुटवे येतात. तिचे बी तर चिखलात वर्षानुवर्षे सजीव राहते. नंतरच्या वर्षांतही नदीत जलपर्णी वाढल्याच्या बातम्या येत राहिल्या, परंतु त्यांची सहा हजार लोकांच्या बातमीइतकी चर्चा झाली नाही. यात नवल ते काय? गर्दी छायाचित्रात शोभते. सांडपाणी शुद्ध करून मगच नदीत सोडणे, हे खरे बिकट काम आहे. ते जमिनीखालच्या नळांचे, शुद्धीकरणाच्या हौदांचे आणि महानगरपालिकेच्या अंदाजपत्रकातील आकड्यांचे काम आहे. ते वर्षाचे बाराही महिने चालावे लागते, आणि ज्या दिवशी ते सुरळीत चालते, त्या दिवशी त्याची बातमी होत नाही.