राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील पीएच.डी.-उत्तर संशोधन : संधी व पूर्वतयारी

पीएच.डी. पदवी ही संशोधनाची सांगता नसून स्वतंत्र संशोधनाचा प्रारंभ होय. या प्रारंभास अनुकूल असे एक स्थान म्हणजे पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या या प्रयोगशाळेचे उद्घाटन १९५० मध्ये झाले. उत्प्रेरण, बहुवारिके, रासायनिक अभियांत्रिकी व जैवरसायन ही तिची प्रमुख क्षेत्रे आहेत.

पीएच.डी.नंतर येथे संशोधन करण्याचे मुख्यत्वे तीन मार्ग आहेत : (१) परिषदेची रिसर्च असोसिएटशिप, (२) २०२३ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनची राष्ट्रीय पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप, (३) प्रायोजित प्रकल्पांतील तात्पुरती पदे. यांपैकी फेलोशिपचा कालावधी २ वर्षांचा असून वयोमर्यादा सर्वसाधारणपणे ३५ वर्षे आहे. महिला व राखीव प्रवर्गांस ५ वर्षांची सवलत मिळते. अर्जासोबत स्वतःचा संशोधन-प्रस्ताव व मार्गदर्शक शास्त्रज्ञाची संमती आवश्यक असते.

अडचण येथेच उद्भवते. पदवीनंतर अनेक उमेदवार कायम नियुक्तीच्या प्रतीक्षेत तासिका तत्त्वावर अध्यापन करीत राहतात आणि वयोमर्यादा नकळत ओलांडली जाते. म्हणून प्रबंध सादर होण्यापूर्वीच विद्यार्थ्याने संबंधित शास्त्रज्ञांचे शोधनिबंध अभ्यासून त्यांच्याशी पत्रव्यवहार सुरू करावा. त्यास वेळीच प्रवृत्त करणे हे महाविद्यालयीन मार्गदर्शकाचे कर्तव्य ठरते.