टेकडी आड येते तेव्हा

व्हॉयेजर-१ यान २४०० कोटी किलोमीटरपेक्षा दूर गेलं आहे, तरी त्याचे क्षीण संदेश पृथ्वीवर पोहोचतात. मंगळावरच्या इंजेन्युइटी या १.८ किलोच्या हेलिकॉप्टरला मात्र एका टेकडीने ६३ दिवस गप्प केलं. २६ एप्रिल २०२३ रोजी ५२व्या उड्डाणात ते ३६३ मीटर गेलं आणि उतरता उतरता संपर्क तुटला. बिघाड काहीच नव्हता; त्याच्या आणि पर्सिव्हिअरन्स रोव्हरच्या मध्ये टेकडी आली होती. २८ जूनला रोव्हर माथ्यावर चढला आणि हेलिकॉप्टर पुन्हा बोलू लागलं. परक्या भूमीवर संदेशाला अंतरापेक्षा उंचसखल जमीनच अधिक नडते, ती अशी.

या दोघांचा संवाद सुमारे ९०० मेगाहर्ट्झवर, म्हणजे जेमतेम ३३ सेंटिमीटर लांबीच्या लहरींवर चाले. इतकी आखूड लहर टेकडीला वळसा घालून फारशी जात नाही. त्यात अँटेना जमिनीलगत. अशा वेळी थेट आलेली लहर आणि जमिनीवरून परावर्तित झालेली लहर जवळजवळ उलट्या ठेक्यात पोहोचतात आणि एकमेकींना खोडतात. मोकळ्या अवकाशात अंतर दुप्पट झालं की संदेश चौपट क्षीण होतो. इथे सपाट मैदानातही तो सोळापट होऊ शकतो. चंद्रावर तर क्षितिजच जवळ: दोन मीटर उंचीवरून पृथ्वीवर ते पाच किलोमीटरवर असतं, तिथे अवघं २.६.

मग लांब लहरी वापराव्यात, असं कुणी म्हणेल. त्या अधिक वळतात हे खरं, पण त्यांना अँटेनाही लांब लागते. पावणेदोन किलोच्या यंत्राने ती कुठे बाळगायची? उपग्रहांचा पर्याय अधिक सबळ आहे. चंद्राच्या पलीकडच्या बाजूला उतरलेल्या चांग-अ-४साठी चीनने २०१८ मध्ये छुएछिआओ हा उपग्रह आधीच चंद्रापलीकडे नेऊन ठेवला. पण मंगळाच्या जवळून फिरणारी याने एका जागेवरून दिवसातून मोजक्याच वेळा, काही मिनिटांपुरती दिसतात. शिवाय उपग्रह क्षितिजालगत असला की विवराचा कडा त्यालाही झाकतो.

चंद्राच्या दक्षिण ध्रुवावर हा अडथळा साक्षात पृथ्वीच्या बाबतीत येतो. तिथून ती क्षितिजावर सात अंशही चढत नाही आणि महिन्यातले सुमारे दोन आठवडे खालीच असते. शॅकल्टन विवर २१ किलोमीटर रुंद आणि चार किलोमीटर खोल आहे; त्याच्या तळातून पृथ्वी कधीच दिसत नाही. बर्फाच्या शोधात तिथे उतरणाऱ्या रोव्हरला काठावर रिपीटर किंवा डोक्यावर उपग्रह लागणारच.