माहिती चौकट : धातूचे आयन, न्यूक्लिओटाइड आणि पॉलिअमाइन

न्यूक्लिओटाइड : नत्रयुक्त बेस, शर्करा व फॉस्फेट यांचा रेणू. परिचित उदाहरण एटीपी. शोध १९२९, कार्ल लोमान, तसेच फिस्के व येल्लाप्रगडा सुब्बाराव.

पॉलिअमाइन : पुट्रेसिन, स्पर्मिडिन, स्पर्मिन. अमाइन गट अनुक्रमे २, ३, ४.

कोण कुठे जुळते : मॅग्नेशियम मुख्यतः फॉस्फेटच्या ऑक्सिजनशी; तांबे अॅडेनिनच्या एन-७ नायट्रोजनशीही. स्थिरता स्थिरांकाचे लॉग मूल्य मॅग्नेशियम-एटीपीसाठी सुमारे ४, तांबे-एटीपीसाठी सुमारे ६ : फरक साधारण शंभरपट. तरीही पेशीतले बहुतेक एटीपी मॅग्नेशियमसोबतच असते, कारण पेशीत मुक्त तांबे जवळजवळ नसतेच.

सामूचा परिणाम : सामू ७ च्या आसपास पॉलिअमाइन प्रोटॉन घेऊन धनभारित होतात आणि फॉस्फेटसाठी धातूशी स्पर्धा करतात. सामू वाढला की प्रोटॉन सुटतात. मोकळ्या नायट्रोजनशी तांबे थेट जुळते.