मोटारसायकलीला डोळे नसतात

बैलगाडी हाकताना गाडीवानाला डुलकी लागली, तरी बैल सहसा वाट सोडत नाही. रोजची वाट तो ओळखतो. मोटारसायकलीचे तसे नाही, बरं का! चालवणाऱ्याचे डोळे तेच तिचे डोळे.

आता हिशेब करा. गाडी तासाला ६० किलोमीटर वेगाने चालली आहे. खिशातला मोबाईल वाजला. कोणाचा फोन, म्हणून तुम्ही ३ सेकंद खाली पाहिले. तेवढ्यात गाडी ५० मीटर पुढे गेली. म्हणजे शंभर हातांहून जास्त वाट तुम्ही न बघता तोडली! मधे गाय आली, शाळेचे पोर धावले, तर ब्रेक दाबणार कोण?

चाळीसगावहून कन्नडला जाताना औट्रम घाट लागतो. तिथे वळणामागून वळण येते. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. तिथे एक सेकंदही फार झाला.

काहीजण कानात हेडफोन घालून बोलतात. हात मोकळे राहतात, पण मन बोलण्यात गुंतते. समोरचे दिसूनही कळत नाही.

मोटार वाहन कायदा २०१९ साली कडक झाला. फोन हातात धरून धोका होईल अशी गाडी चालवली, तर पहिल्याच वेळी १,००० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. कैदही होऊ शकते.

मग करावे काय? गाडी रस्त्याच्या खाली घेऊन थांबवा, मग बोला. घाटात थांबूही नका. घाट उतरल्यावर बोला. घरच्यांनीही फोन करताना आधी विचारावे, "गाडीवर आहेस का? मग ठेव. पोचल्यावर बोलू."